महिन्याला कपड्यांवर किती घालवता? पुण्यात आल्यापासून माझं गणित पार बिघडलंय

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसता वाचतोय, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा सेलूचा, परभणी जिल्हा. तीन वर्षं झाली पुण्यात, वाकडला चौघांत मिळून फ्लॅट आहे भाड्याचा, ऑफिस हिंजवडीला. हातात ४६ हजार येतात. गेल्या आठवड्यात आयटीआरसाठी बँकेचं स्टेटमेंट काढलं होतं, रविवारी काही काम नव्हतं म्हणून सहज एक्सेलमध्ये टाकून कुठे किती गेले ते रंगवत बसलो, आणि कपडे अन् बूट मिळून वर्षाचे ६१,७८० निघाले. मला वाटलं बेरीज चुकली म्हणून परत केली. नाही चुकली. म्हणजे महिन्याला पाच हजाराच्या वर. माझा भाडं-लाइट-मेस सोडून जो काही पैसा हातात उरतो त्यातला सगळ्यात मोठा आकडा हाच आहे, आणि मी स्वतःला साधा माणूस समजत होतो आतापर्यंत.

गंमत म्हणजे महागाचं असं काहीच नाही घेतलेलं. सगळ्यात मोठी खरेदी म्हणजे २,८९९ चे बूट. बाकी सगळं ३९९, ५९९, ७४९ असलंच. कपाट उघडलं तर ३१ टीशर्ट निघाले. घालतो त्यातले नऊ. उरलेल्यांचे गळे लोंबलेत, रंग गेलेत, एक तर असा पिळवटलाय की शिवण बगलेतून निघून पोटावर येते. आणि कुणाच्या लग्नाला जायचं म्हटलं की घालायला काहीच नाही.

आमच्याकडे दिवाळीला वडील एकाच ताग्यातून कापड आणायचे, मला, दादाला आणि काकाच्या दोन पोरांना सारखेच शर्ट, चौघं रांगेत उभे राहिलो की बँडवाले दिसायचो. ते पण वाढत्या अंगाचे, पहिलं वर्ष बाह्या दुमडून आणि तिसरं वर्ष श्वास धरून. त्या शर्टाची घडी मोडायची ती लक्ष्मीपूजनालाच. आता हे सगळं आठवून मी काही रडत नाहीये, त्या शर्टाचा लई राग यायचा मला. पण तेव्हा वर्षाला दोन जोड्यांत भागायचं आणि आता ३१ टीशर्टात भागेना, हे कोडं काय सुटेना.

खर्च कशावर होतोय ते बघितलं तर दर महिन्याला काहीतरी असतंच इथे. ट्रॅडिशनल डे, गणपती, नवरात्र, दिवाळीचा एथनिक डे, डिसेंबरात लाल-पांढरं, टीमचं आउटिंग, कुणाचा तरी साखरपुडा. मागच्या वेळी टीममधला एकजण फोटो बघताना म्हणाला, अरे हाच शर्ट लोणावळ्याच्या फोटोत पण होता ना. तो सहज बोलला असेल, पण मी तिथेच बसून ॲपवर दोन शर्ट मागवले, हे आता लिहिताना मलाच कसंतरी व्हायलंय.

तर विचारायचं हे की तुम्ही वर्षाला किती घालवता, कुठून घेता, आणि खरं खरं सांगा, पुण्यात लोक बघतात का कपडे की मीच येडा आहे?

आळशी_बोका

३१ टीशर्ट आणि लग्नाला घालायला काही नाही. भावा, तू बायको न करताच संसार केलास. हसून हसून पुरेवाट.

(मी वर्षाला दोन जीन्स घेतो. बाकी सगळं कंपनीच्या फुकट टीशर्टांवर चालतं. पाठीवर तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या प्रॉडक्टचं नाव घेऊन फिरतो, कुणी हरकत घेतलेली नाही.)

शनिपारकर

आपण विचारलंत म्हणून सांगतो. मी रोजचा जमाखर्च वहीत लिहितो, १९८४ साली नोकरीला लागलो तेव्हापासून. गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या कपड्यांवर ३,४५० रुपये झाले, त्यात सहा बनियन आणि दोन पंचे आले. अर्ध्या बाह्यांचे चार शर्ट, दोन पँटी, एक सदरा-लेंगा, आणि समारंभासाठी ठेवणीतला एक क्रीम रंगाचा सफारी, जो आमच्या सौ.ना बघवत नाही. बँकेत ३६ वर्षं याच हिशेबात काढली. शर्टाची कॉलर मानेवर झिजली की शिंपी ती उसवून उलटी लावून द्यायचा, म्हणजे झिजलेली बाजू आत जायची आणि शर्ट आणखी दीड-दोन वर्षं चालायचा. आता कॉलर उलटून द्या म्हटलं तर समोरचा मुलगा माझ्याकडे बघत राहतो.

पुण्यात लोक कपडे बघतात का? जरूर बघतात. पण इथली पद्धत वेगळी आहे. प्रभात रोडला सकाळी विटलेली बर्म्युडा आणि भोक पडलेला टीशर्ट घालून कुत्रं फिरवणारा गृहस्थ दिसला तर तो बंगल्याचा मालक समजावा, आणि कडक इस्त्रीत दिसला तो त्याचा ड्रायव्हर. मी हे गमतीने लिहीत नाही. पेठेत भपकेबाज राहणाऱ्याला "काय, आज कुठे कार्यक्रम?" असं विचारून जमिनीवर आणण्याची पद्धत आहे.

तेव्हा ६१ हजार हा आकडा मला तरी अनाकलनीय वाटतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या पगाराहून जास्त आहे.

आळशी_बोका

काका, १९८४ च्या पगाराशी तुलना करायची तर १९८४ च्या भावात वडापाव पण द्या.

आणि एक विचारू का, मुलाचं लग्न झालंय का तुमच्या? बस्ता केवढ्याचा झाला होता? वहीत असेलच लिहिलेलं.

शनिपारकर

दोन लाख चौदा हजार. २०१८ साली. लक्ष्मी रोडवर दोन दिवस.

त्यातले बरेचसे मानपानाच्या साड्यांवर गेले, ज्या कुणीही नेसत नाही. त्यातली एक आंबा रंगाची साडी चार वर्षांनी भाचीच्या मुलाच्या मुंजीत आमच्याच घरी परत आली, तिच्या पिशवीवरचं स्टिकरसुद्धा मी ओळखलं. विषय निघाला म्हणून सांगितलं, याउपर त्यावर चर्चा नको.

जुई_कोथरूड

काकांचा सफारी बघायची फार इच्छा झालीये आता :)

गोदाकाठ, तू येडा नाहीयेस. लोक बघतात. निदान बायकांचं तरी बघतात, आणि बहुतेक वेळा वाईट भावनेने नाही, "कुठून घेतलास गं" हा आमच्याकडे बोलणं सुरू करायचा हक्काचा रस्ता आहे. पण त्याचा खर्च वाढतो हे खरंय आणि सगळ्यात जास्त वाढतो नवरात्रात. नऊ दिवसांचे नऊ रंग हे आपल्या आज्यांनी कधी पाळलेलं ऐकलंय का कुणी? वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने ते सुरू केलं आणि आता असं झालंय की जणू देवीनेच पत्रक काढलंय. रंग वारावर ठरतात आणि क्रम दरवर्षी बदलतो, त्यामुळे ऑगस्टपासूनच ग्रुपवर यादी फिरायला लागते. माझ्याकडे राखाडी काहीच नव्हतं, मी एका दिवसासाठी राखाडी कुर्ता घेतलेला आहे आणि तो मला इतका वाईट दिसतो की घरचे विचारतात बरं नाहीये का.

साडीचं तर बोलूच नका. मी तुळशीबागेच्या बाजूच्या बोळातून ८०० रुपयांची छान कॉटनची साडी आणली. ब्लाउजची शिलाई अस्तरासकट ११००, फॉल-पिको १५०, आणि ब्लाउज घट्ट झाला म्हणून परत दोन चकरा त्याचं पेट्रोल वेगळं. साडीपेक्षा ब्लाउज महाग, हे आईला सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्पच बसली. मग कपाटातून तिची नारायणपेठ काढून दिली, १९९१ ची, ब्लाउजसकट, आणि तो ब्लाउज उसवून बघितला तर आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) सोडलेली. तेवढ्यात मला बसला. आता तीच साडी मी, बहीण आणि मैत्रीण अशा तिघीत फिरते.

आता माझी युक्ती. दोन वर्षांपूर्वी मी वैतागून ऑफिससाठी पाच कुर्ते ठरवून टाकले, वारावर. सोमवार मोरपंखी, मंगळवार विटकरी, बुधवार इंडिगो, असं शाळेच्या टाइमटेबलसारखं. सकाळचा अर्धा तास वाचतो. आणि कुणाच्या लक्षात आलं असेल? टीममधल्या एकीच्याही नाही, ज्या कानातले बदललेले लांबून ओळखतात. सहा महिन्यांनी पॅन्ट्रीतल्या मावशी म्हणाल्या, मॅडम आज गुरुवार ना, मग निळा कसा? बुधवारी सुट्टी होती, माझा वार चुकला होता.

अवांतर, पुण्यात बायकांनी रस्त्यावरच्या लोकांसाठी तर नटूच नये. गाडीवर बसलं की वरून तो पांढरा सनकोट, तोंडाला स्कार्फ, हातमोजे, वर हेल्मेट घातलं तर घातलं. सिग्नलला माझी सख्खी जाऊ बाजूला उभी होती, दोघींनी एकमेकींना ओळखलं नाही.

गोदाकाठ

मावशींचा किस्सा कडक :) वारावर कपडे हे भारी आहे, पण माझ्याकडे टिकणारे पाच शर्ट असायला पाहिजेत ना आधी. तीच तर भानगड आहे, धुतले की संपले.

@शनिपारकर काका, कॉलर उलटून लावतात हे आज पहिल्यांदा कळलं. वडिलांना फोनवर विचारलं तर म्हणाले अरे त्यात काय, बाहीचा कफ पण उलटायचे.

सुईदोरा

आता मला बोलावंच लागेल. माझ्या वडिलांचं नाना पेठेत टेलरिंगचं दुकान आहे, ४० वर्षं झाली, मी स्वतः कॉम्प्युटरवर बसतो पण काजं-बटणं करण्यात शाळेच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेलेल्या आहेत.

गोदाकाठ, तुझा टीशर्ट पिळवटलाय ना, त्यात तुझ्या धुण्याची चूक कमी आहे. होजिअरीचं कापड विणल्यावर त्याला पीळ राहतो, तो नीट बसवून, कापडाला विश्रांती देऊन मग सरळ कापायचं असतं. घाईत कापलं, थरावर थर रचून तिरकं कापलं, की दुकानात घडी घालून ठेवलेलं असतं तोवर सरळ दिसतं आणि पहिल्या धुण्यात पाणी लागलं की कापड आपल्या मूळ वळणावर जातं, शिवण पोटावर. हे घेतानाच कळतं. टीशर्टची घडी मोड, दोन्ही खांदे जुळवून धर आणि बाजूच्या दोन्ही शिवणी सरळ खाली उतरतात का बघ. नाही उतरत तर ठेवून दे, मग तो ३९९ चा असो नाहीतर १९९९ चा.

दुसरं, कपडा उलटा करून बघायचा. आमचे वडील गिऱ्हाइकाने रेडिमेड शर्ट अल्टरला आणला की आधी तो उलटा करतात आणि मग त्या माणसाकडे बघतात, काही बोलत नाहीत, पण बघतात. आत माया किती सोडलीये, टाके जवळ जवळ आहेत की लांब लांब, धागे लोंबतायत का. स्वस्तात पैसा वाचतो तो इथेच. अर्धा इंच माया कमी, इंचाला दोन-तीन टाके कमी, बटण नुसतं चार फेऱ्यांत अडकवलेलं. एका शर्टात काही कळत नाही, पण हजारो शर्टांत कंपनीचं केवढं तरी कापड आणि वेळ वाचतो. चौकड्याचा शर्ट असेल तर खिशावरच्या रेघा अंगावरच्या रेघांशी जुळतात का ते बघ, ज्याने तेवढं केलंय त्याने बाकीचं पण बरं केलेलं असतं सहसा. कॉलरच्या आत बक्रम म्हणजे कडक अस्तर असतं, ते हल्ली गरम दाबून चिकटवतात, हलकं असेल तर आठ-दहा धुण्यांत सुटतं आणि कॉलरवर पापडासारखे फुगे येतात. ते इस्त्रीने जात नाहीत, कुणी सांगितलं तरी जात नाहीत.

कापड ओळखायचं असेल तर आतून लोंबणारा एखादा धागा काढ आणि घरी येऊन बेसिनवर काडी लाव. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि शेवटी कडक काळा मणी राहतो. एक ओळखीचा मुलगा "प्युअर लिनन" म्हणून घेतलेला कुर्ता घेऊन आला होता, वडिलांनी धागा पेटवला आणि तो मणी त्याच्या हातावर ठेवला, गार झाल्यावर. बिचारा गुपचूप पँटची लांबी देऊन गेला. पॉलिस्टर वाईटच असं नाही, पावसाळ्यात दोन तासांत वाळतं, पण मे महिन्यात पुण्यात ते घालून बसमध्ये उभं राहून बघा.

आणि मुलींच्या कुर्त्यांत ते रेयॉन असतं ना मऊ मऊ, सुळसुळीत, ते ओलं असताना फार नाजूक असतं आणि आटतं पण. घासून पिळलं की गेलंच ते.

तर माझा सल्ला, रविवार पेठेत कापडगंज भागात जा. ताग्यातून कापून मिळतं, दहा दुकानं बघ, कुणी काही म्हणत नाही. शर्टाला ५८ इंच पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर मध्यम अंगाला फुल बाहीसाठी एक मीटर साठ सेंटीमीटर पुरतं, ३६ इंच पन्ह्याला अडीच मीटर लागेल. पँटला मोठ्या पन्ह्यात सव्वा ते एक तीस. शिवायला टाकण्याआधी सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळव, जे काय आटायचंय ते आधीच आटू दे. मी हे लिहितो तरी दहातले नऊ लोक थेट पिशवीतून टेलरच्या टेबलावर ठेवतात आणि मग दोन महिन्यांनी बाही आखूड झाली म्हणून भांडायला येतात.

हिशेब असा, बऱ्यापैकी कॉटन मीटरला ४५० धरलं तर कापड ७२०, शिलाई आमच्या भागात ५०० च्या आसपास, म्हणजे सव्वाबाराशे. तेवढ्यात तुझे तीन टीशर्ट येतात आणि सहा महिन्यांत पोतेरं होतात. शर्ट तीन वर्षं चालला तर आठवड्याला एकदा घालून दीडशे वेळा झाला.

फक्त एक सांगतो, शिवून घेण्यात भपका नाही. पहिला शर्ट शिवून आला की तू आरशात बघशील आणि म्हणशील बस एवढंच? आमच्याकडे आता निम्म्याहून जास्त काम अल्टरचं आहे ते काय उगाच नाही.

साईटवाला

सगळे म्हणतायत पाच कुर्ते करा, कापड आणा, बरोबर आहे, पण ज्याचं पोट कपड्यावर आहे त्याने काय करायचं ते पण सांगा. मी पुनावळ्याला फ्लॅट विकतो, साईट ऑफिसला. ब्लेझर कंपल्सरी. मे महिन्यात सॅम्पल फ्लॅट दाखवायला लिफ्ट चालू नसताना सातव्या मजल्यावर ब्लेझर घालून चढायचं, आणि वर पोचल्यावर हसून "सर हा मास्टर बेडरूम". पहिल्याच महिन्यात आमच्या साहेबांनी मला कस्टमरसमोर नाही पण बाकीच्यांसमोर बूट दाखवून घरी पाठवलं होतं, पुढून तळ उघडला होता थोडा. त्या दिवसाची हाफ डे पण कापली. कंपनी कपड्याचा एक रुपया देत नाही.

माझे वर्षाला ४० हजार जातात, दोन ब्लेझर, सहा फॉर्मल शर्ट, बूट, आणि रोजची इस्त्री ती वेगळीच, शर्ट-पँट मिळून २० रुपये धरा, महिन्याचे पाचशे झाले. गाड्यांतून येणारी माणसं हाफ चड्डीत येतात दीड कोटीचा फ्लॅट बघायला आणि आम्ही टायमध्ये. काकांचं प्रभात रोडचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, मीच तो कडक इस्त्रीतला.

शनिपारकर

साईटवाला, आपला प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. ते ड्रायव्हरचं वाक्य मी जरा हुशारी दाखवायला लिहिलं होतं. ब्लेझरचं अस्तर पूर्ण काढून नुसतं खांद्यापुरतं ठेवून देतात, निम्मा उकाडा कमी होतो, विचारून बघा एखाद्या जुन्या शिंप्याला.

सुईदोरा

+१. हाफ लाइनिंग म्हणतात त्याला. होतं अल्टरमध्ये, पण आतल्या शिवणी उघड्या पडतात त्या झाकायला पट्ट्या लावाव्या लागतात, त्यामुळे स्वस्तातल्या हाताला देऊ नको.

पथकवाला_सोन्या

तुम्ही सगळे लईच सिरीयस झालात राव. मी एसवायला आहे, पॉकेटमनी दीड हजार, आणि कॉलेजात माझ्याइतका टापटीप दुसरा दाखवा. एफसी रोड, डेक्कनची हाँगकाँग लेन, आणि बुधवारी-रविवारी जुना बाजार. बार्गेनिंगचा नियम एकच, जी वस्तू आवडलीये तिच्याकडे बघायचंच नाही, शेजारचीला हात लावायचा, तिचा भाव करायचा, आणि जाताजाता "हे केवढ्याला" असं तोंड वाकडं करून विचारायचं. मित्राबरोबर जायचं पण त्याला आधी सांगून ठेवायचं, माझा मित्र नेहमी "भारी दिसतंय घे घे" म्हणतो आणि शंभर रुपये तिथंच वाढतात.

कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला पण जातो, २०२१ ला आग लागून शेकडो दुकानं गेली होती तिथली, मी तेव्हा शाळेत होतो, बाबा सांगतात आधीची मजा वेगळी होती.

जुन्या बाजारातून मी डेनिम जॅकेट घेतलंय २५० ला, आतल्या खिशात कुणाचातरी ठाणे-दादर पास निघाला, फाटका. आईने ते तीन वेळा गरम पाण्यातून काढलं आणि तरी ती त्याला "ते मेलेल्याचं जॅकेट" म्हणते. कुणी मेलंय असं काही लिहिलं नव्हतं पासावर.

आणि एका गोष्टीवर मी पैसे वाचवत नाही, ढोल-ताशा पथकाचा कुर्ता. पांढराशुभ्र झब्बा, कडक, वर शेला. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला सहा-सात तास वाजवल्यावर त्याचा रंग पांढरा-गुलालाचा-घामाचा असा होतो की तो परत कधीच पांढरा होत नाही. दरवर्षी नवा. घरचे म्हणतात अर्ध्या दिवसासाठी नऊशे रुपये. म्हणू दे. पोरं फोटो काढतात तेव्हा तोच झब्बा असतो ना.

लोकांनी बघावं म्हणून घालतो मी कपडे, त्यात लपवायचं काय? नुसतं अंग झाकायचं तर चादर पण चालते.

आकडेमोड

घाईत आहे, दोनच मुद्दे. जीएसटी बदललाय, २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्याच्या वर गेला की १८. आधी हजारापर्यंत ५ आणि वर १२ होता. त्यामुळे २,४९९ च्या पाट्या आता जास्त दिसतील, आणि हजार-अडीच हजारातला शर्ट घेणाऱ्याला बरंच आहे ते. लग्नाचे जरीचे कपडे, ब्लेझर वगैरे घेणाऱ्यांनी १८ धरून चाला.

दुसरं, गोदाकाठ, स्टेटमेंट परत उघड आणि किती ऑर्डर "आणखी १५० चं घ्या, डिलिव्हरी फुकट" यासाठी वाढलेल्या आहेत ते बघ. आणि तारखा बघ. माझ्या निम्म्या ऑर्डर रात्री ११ नंतरच्या होत्या. मी ॲप नाही काढलं, फक्त त्यातला सेव्ह केलेला कार्ड नंबर काढून टाकला. रात्री उठून पाकीट आणायचा कंटाळा येतो.

जुई_कोथरूड

रात्री ११ नंतरच्या ऑर्डर. अरे देवा. तो राखाडी कुर्ता.

गोदाकाठ

उशीर झाला यायला, पण सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं म्हणून रिपोर्ट देतो.

तारखा बघितल्या. ६४ ऑर्डरींपैकी ४१ रात्री साडेदहानंतरच्या. त्यात पगाराच्या पहिल्या पाच दिवसांत बऱ्याच. मोज्यांच्या सहा जोड्या फुकट डिलिव्हरीपायी. आता यावर काय बोलू.

मग मागच्या शनिवारी सकाळी नाशिक फाट्याला मेट्रोत बसलो, मंडईला उतरलो आणि चालत रविवार पेठेत. पहिल्या दुकानात गेलो तर गादीवर बसलेल्या मालकांनी न विचारता सात तागे उलगडले, मला इतकं अवघडायला झालं की पहिलाच घेणार होतो, मग सुईदोराचं आठवलं, बघून येतो म्हणालो आणि चक्क कुणी काही म्हटलं नाही. चौथ्या दुकानात एक फिकट हिरवं बारीक रेघांचं कॉटन मिळालं, ४२० रुपये मीटर. दोन शर्टाचं घेतलं. वडिलांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी कापड कॅमेऱ्याच्या जवळ धरायला लावलं, मग चुरगळून दाखव म्हणाले, मग भाव विचारला, आणि म्हणाले माझ्यासाठी पण एकाचं घे. म्हणजे परत एकाच ताग्यातले शर्ट झाले बघा. दादाला कळलं तर तो पण मागणार.

रात्री बादलीत बुडवलं तर रूममेट विचारायला लागले हे काय नवीन. पाणी थोडं हिरवं झालं, घाबरलो, पण सकाळपर्यंत ठीक.

टेलर वाकडातच एक म्हातारे काका सापडले, लाँड्रीच्या मागे एवढीशी टपरी आहे. माप घेताना म्हणाले खांदा एक उतरलेला आहे तुमचा, बॅग एकाच खांद्यावर टाकता का. आजपर्यंत कुठल्या शर्टाने हे सांगितलं नव्हतं. दोन बोटं माया ठेवा म्हटलं तर हसले, म्हणाले लग्न ठरलंय वाटतं.

शनिवारी देतो म्हणाले होते. आज गेलो तर काजं-बटणं राहिलीत म्हणे, मंगळवारी या.

सुईदोरा

मंगळवार म्हणजे गुरुवार धर. आणि गुरुवारी पण निघायच्या आधी फोन कर.